ऑपरेशन तर व्यवस्थित झालं, मग हा जंतू आला कुठून?

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आयसीयूबाहेरच्या बाकांवर हा प्रश्न कानावर येतो. अपघातात मांडीचं हाड मोडलेला तरुण असेल, बायपास झालेले काका असतील, पोटाचं ऑपरेशन झालेली आजी असेल. पहिले चार दिवस बरे जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप चढतो, रक्तदाब उतरतो आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘‘कल्चरमध्ये क्लेब्सिएला आलाय. बहुतेक औषधांना रेझिस्टंट आहे.’’ कल्चर म्हणजे रक्ताच्या किंवा लघवीच्या नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी. घरच्यांना कळतं ते एवढंच, की जंतू आहे आणि औषध लागू पडत नाही. मग मनात येतं, आमच्या माणसाने तर आयुष्यात फारशा गोळ्याही घेतल्या नाहीत. त्याच्या अंगात औषधांना न जुमानणारा जंतू कसा?

अँटिबायोटिक उगाच खाऊ नयेत, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ते खरंच आहे, पण त्यातून जंतू औषधाला दाद न देणारा कसा बनतो एवढंच कळतं. असा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचतो कसा, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. वरच्या तरुणाच्या अंगात जंतू ‘बनला’ नसणार. तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात, कदाचित कित्येक महिन्यांपूर्वी, कदाचित दुसऱ्याच शहरात बनला आणि या पलंगापर्यंत चालत आला. म्हणजे खरं तर त्याला कुणीतरी आणलं. नवं औषध शोधून बाजारात यायला दहा-दहा वर्षं लागतात. हे आणणं थांबवायचं कसं, ते मात्र आजच माहीत आहे आणि त्याला लागणारं बहुतेक सामान स्वस्त आहे. म्हणून हा लेख त्या आणण्याबद्दल आहे.

आधी जंतूची ओळख. क्लेब्सिएला, ई. कोलाय ही आतड्यात राहणारी मंडळी. निरोगी माणसाच्या पोटात ती असतात आणि काही त्रास देत नाहीत. त्रास तेव्हा होतो, जेव्हा त्यांना चुकीच्या जागी जायची वाट मिळते: लघवीच्या नळीतून मूत्राशयात, श्वासाच्या नळीतून फुप्फुसात, शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनवरून थेट रक्तात. असिनेटोबॅक्टर नावाचा आणखी एक जंतू आहे, तो आयसीयूमध्ये कोरड्या पृष्ठभागावरही टिकून राहतो. स्टॅफिलोकॉकस नाकात आणि त्वचेवर असतो. हे सगळे आपल्या रोजच्या ओळखीचे जंतू. फरक एवढाच, की त्यांच्या काही वाणांवर औषध चालत नाही.

का चालत नाही, याची कारणं दोन-चारच आहेत. काही जंतू औषधाचा रेणूच तोडून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. काही आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात. काही आपल्या भिंतीतली छिद्रं बंद करतात, तर काही औषध ज्या जागी चिकटतं तीच जागा बदलून टाकतात. यातलं पहिलं कारण भारताला सगळ्यात जास्त छळतंय. इमिपेनेम, मेरोपेनेम ही कार्बापेनेम गटातली इंजेक्शनं म्हणजे डॉक्टरांच्या हातातली राखीव फौज. ती तोडणारं एनडीएम हे विकर पहिल्यांदा २००९ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदलं गेलं. पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याकडचे आकडे प्रसिद्ध केले. कार्बापेनेमला दाद न देणारे आतड्यातल्या जंतूंचे २४ नमुने त्यांनी तपासले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएमचा जनुक सापडला. तेव्हा ही धोक्याची घंटा होती. पुढे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरातल्या प्रयोगशाळांच्या नोंदी आल्या. २०१६ मध्ये क्लेब्सिएलाच्या १०० नमुन्यांपैकी सुमारे ६५ वर इमिपेनेम लागू पडत होतं. २०२१ मध्ये हा आकडा ४३ वर आला.

हे इतक्या वेगाने का झालं? कारण हा जनुक बहुधा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो आणि एक जंतू ते कडं शेजारच्या जंतूला देऊ शकतो. शेजारणीने वाटीभर विरजण द्यावं तसं: घेणारीच्या घरी दही लागतं आणि देणारीचं काही कमी होत नाही. क्लेब्सिएलाने ई. कोलायला द्यावं, ई. कोलायने आणखी कुणाला. एकाच कड्यावर चार-पाच निरनिराळ्या औषधांविरुद्धचे जनुक असू शकतात. त्यामुळे एक साधं औषध जरी गरज नसताना दिलं, तरी त्या औषधाबरोबर बाकीच्या औषधांना पुरून उरणारा जंतूही वाचतो आणि वाढतो.

मग डॉक्टरांकडे उरतं कोलिस्टिनसारखं औषध, जे मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून १९७० च्या दशकात जवळपास बाजूला ठेवलं गेलं होतं. किंवा नवी, एकेका दिवसाला हजारो रुपये लागणारी औषधं. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी समजलेली बाब. जंतू अंगावर किंवा आतड्यात असणं आणि त्याचा आजार होणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वॉर्डात ज्याच्या रक्तात क्लेब्सिएला सापडला, तो रुग्ण सगळ्यांना दिसतो. पण त्याच्या आसपास असे कितीतरी रुग्ण असतात, ज्यांच्या आतड्यात तोच जंतू शांतपणे बसलेला असतो. ताप नाही, खोकला नाही, कुठल्या रिपोर्टवर नाव नाही. यांना आपण वाहक म्हणू. त्यांचे कपडे, चादर, पलंगाचा कठडा, बेडपॅन, सगळ्यावर जंतू उतरत असतो. गुदद्वाराजवळचा स्वॅब घेऊन तपासल्याशिवाय वाहक ओळखता येत नाही. त्यामुळे ‘इन्फेक्शनवाला पेशंट’ दिसला की तेवढ्यापुरती काळजी घेणारं रुग्णालय कायम एक पाऊल मागे असतं.

याचं एक नीट नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०११ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी संशोधन रुग्णालयात, एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये, न्यूयॉर्कहून एक रुग्ण आली. तिच्या अंगात कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला होता आणि ते आधीच माहीत होतं. तिला वेगळं ठेवलं, गाऊन-ग्लोव्हज सगळं झालं, जुलैत ती घरी गेली. सगळे सुटकेचा श्वास टाकत असताना ऑगस्टमध्ये दुसऱ्या रुग्णात तोच जंतू सापडला. मग तिसरा, चौथा. एकूण १८ रुग्णांना लागण झाली, त्यातले ११ दगावले, आणि त्यातल्या सहा मृत्यूंचं कारण हा जंतूच होता. जंतूंच्या जनुकांचा संपूर्ण क्रम वाचून शास्त्रज्ञांनी माग काढला, तेव्हा दिसलं की पहिल्या रुग्णाकडूनच तो निरनिराळ्या वेळी बाहेर पडला होता आणि मधल्या काळात वाहकांमध्ये लपून होता. बेसिनच्या निचऱ्याच्या पाइपात तो सापडला. स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. शेवटी बाधित रुग्णांसाठी भिंत उभारून वेगळा आयसीयू केला, हात स्वच्छ केले जातात की नाही हे पाहायला माणसं नेमली, तेव्हा साथ आटोक्यात आली. पैसा, यंत्रं, एकेरी खोल्या सगळं हाताशी असलेल्या ठिकाणची ही गोष्ट.

हात

जंतू स्वतः होऊन एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर उडी मारत नाही. इथे एक गल्लत मुंबईत नेहमी होते, म्हणून सांगतो. औषधांना दाद न देणारा टीबी हवेतून पसरतो. त्यासाठी मास्क, उघड्या खिडक्या, हवा खेळती राहणं महत्त्वाचं. क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर यांचा मुख्य रस्ता हवा नाही. त्यांचा रस्ता म्हणजे हात, आणि हातांनी हाताळलेल्या वस्तू. त्यामुळे वॉर्डात मास्क लावून हात न धुणारा माणूस या जंतूंच्या बाबतीत फारसं काही अडवत नसतो.

हात केव्हा स्वच्छ करायचे, याचे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेत. रुग्णाला हात लावण्याआधी. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी घालणं अशा कामाआधी. रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि पाचवा, जो हमखास चुकतो: रुग्णाला न शिवता नुसतं त्याच्या पलंगाला, लॉकरला, मॉनिटरला, सलाइनच्या स्टँडला हात लावल्यावर. राउंडला आलेला डॉक्टर कठड्याला टेकून केसपेपर चाळतो आणि पुढच्या पलंगाकडे जातो. त्याने कुणाला स्पर्शच केलेला नसतो, म्हणून हात स्वच्छ करायचं त्याच्या मनातही येत नाही. पण हे जंतू कठड्यावर कित्येक दिवस, कधी कधी महिनेही जिवंत राहू शकतात.

अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद चोळायचं, दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि बोटांची टोकं सगळं ओलं होईल असं. हाताला मळ, रक्त किंवा विष्ठा लागली असेल तर मात्र साबण आणि पाणीच, ४० ते ६० सेकंद. आणि जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, तिथेही साबण-पाणीच हवं.

इतकं सोपं असेल तर होत का नाही? आळस म्हणून सोडून देणं हे फार सोपं उत्तर झालं आणि माझ्या मते चुकीचंही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. डिडिये पिटे यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे बारकाईने पाहिलं. गर्दीच्या आयसीयूत दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन हात धुवायचे ठरवले, तर नर्सच्या तासाचा मोठा हिस्सा त्यातच जाईल. म्हणून त्यांनी अल्कोहोलची बाटली पलंगाशी आणि खिशात आणली. १९९४ मध्ये हात स्वच्छ करण्याच्या संधींपैकी ४८ टक्के पाळल्या जात होत्या, १९९७ मध्ये ६६ टक्के. त्याच काळात रुग्णालयात लागण झालेल्या रुग्णांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. माणसं बदलली नव्हती, बाटलीची जागा बदलली होती.

मुंबईच्या पालिका रुग्णालयांत ही जागेची गोष्ट किती खरी आहे, हे तिथे एकदा तरी राहिलेल्या कुणालाही कळेल. केईएम, सायन, नायर इथे येणाऱ्याला परत पाठवत नाहीत, ही या शहराची फार मोठी गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ पलंग भरले की जमिनीवर गादी, दोन पलंगांमध्ये तिसरा रुग्ण, आणि रात्रपाळीत जवळपास अख्खा वॉर्ड एक-दोन सिस्टरांच्या भरवशावर. अशा वेळी सिस्टरला ‘हात धुवा’ हे पोस्टर दाखवण्यात काही राम नाही. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी भरलेली बाटली आहे का, संपली तर त्याच पाळीत दुसरी मिळते का, आणि सिस्टरकडे असलेले रुग्ण माणसाच्या आवाक्यातले आहेत का, हे प्रश्न आधी प्रशासनाला विचारायला हवेत.

ग्लोव्हजबद्दल एक गैरसमज आहे. ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ, असं वाटतं. पण तेच ग्लोव्हज घालून एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केली, मग फोन उचलला, मग दुसऱ्याची सलाइन सोडली, तर जंतूला उघड्या हातापेक्षा वेगळं काहीच मिळालं नाही. उलट, हाताला काही लागल्यासारखं वाटत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्येक रुग्णामागे ग्लोव्हज बदलायचे आणि काढल्यावरही हात स्वच्छ करायचे. अंगठ्या, घड्याळ, मनगटावरचे दोरे, काचेच्या बांगड्या यांच्याखाली द्रावण पोचत नाही. मंगळसूत्र किंवा ओढणी रुग्णावर वाकताना त्याच्या चादरीला लागते. हे बोलायला अवघड जातं, कारण यात श्रद्धा आणि सौभाग्य गुंतलेलं असतं. तरीही आयसीयूत कोपराखाली काही नको, हा नियम मोठ्या डॉक्टरांपासून सगळ्यांना सारखा लावला तर कुणाला अपमान वाटत नाही, असं मला वाटतं.

नळ्या

रुग्णालयात लागणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गांपैकी बऱ्याचशांची वाट प्लास्टिकच्या नळीतून जाते. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, व्हेंटिलेटरची ट्यूब. प्रत्येक नळी म्हणजे शरीराच्या तटबंदीला पाडलेलं भोक, आणि ती जितके दिवस राहील तितका धोका वाढत जातो. म्हणून संसर्ग रोखायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रोज सकाळच्या राउंडला एक प्रश्न विचारणं: ही नळी आजही हवी आहे का? रुग्ण चालत संडासला जाऊ शकत असेल, तर लघवीची नळी केवळ सोयीसाठी आणखी दोन दिवस ठेवायचं कारण नाही.

२००६ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या शंभरहून जास्त आयसीयूंचा अनुभव प्रसिद्ध झाला. सेंट्रल लाइन घालताना पाच गोष्टी पाळायच्या, बस्स: हात धुवायचे, रुग्णाच्या अंगावर पूर्ण निर्जंतुक चादर आणि घालणाऱ्याला टोपी-मास्क-गाऊन, त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसायची, शक्यतो मांडीची शीर टाळायची आणि गरज संपली की लाइन काढायची. यात नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते म्हणजे एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला होता. दीड वर्षात या लाइनमुळे होणारे रक्तातले संसर्ग तब्बल ६६ टक्क्यांपर्यंत कमी झाले. आपल्याकडे चेकलिस्ट लावणं सोपं आहे, तिचे कागद भरलेही जातात. ज्युनियर सिस्टरने सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणणं आणि सरांनी थांबणं, हे मात्र कागदावर भरता येत नाही.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं, तोंड रोज स्वच्छ करणं, गुंगीचं औषध कमी करून तो स्वतः श्वास घेतो का हे रोज पाहणं, हीही त्याच जातीची कामं आहेत. दिसायला किरकोळ, रोज करायची आणि कुणी कौतुक न करणारी.

वेगळं ठेवणं

मुंबईत संसर्गजन्य आजार म्हटलं की कस्तुरबा रुग्णालय आठवतं. साथीच्या रुग्णाला तिथे नेऊन वेगळं ठेवता येतं. पण या जंतूंच्या बाबतीत तो मार्ग नाही, कारण रुग्णाला हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी, भाजल्यासाठी ज्या वॉर्डात असणं भाग आहे, तिथेच हे असतात. मग वेगळं ठेवायचं ते त्याच वॉर्डाच्या आत.

एकेरी खोल्या नसतील तर? इस्रायलमध्ये २००६ पासून कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलाची देशव्यापी साथ आली. मार्च २००७ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने सक्ती केली की बाधित आणि वाहक रुग्णांना एका भागात एकत्र ठेवायचं, त्यांच्यासाठी वेगळा नर्सिंग कर्मचारी द्यायचा, आणि रोजचा आकडा केंद्राला कळवायचा. त्या महिन्यात दर एक लाख रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्ण-दिवस) ५५.५ नवे रुग्ण होते. मे २००८ मध्ये ११.७. इथे मला भावतं ते वेगळी नर्स देणं. जागा कमी असली तरी खोलीचा एक कोपरा, जमिनीवर मारलेली एक पट्टी, तिथलं वेगळं बीपीचं यंत्र, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळा थर्मामीटर आणि त्या पाळीला तिथलीच एक माणूस, एवढं तर भिंत न बांधता जमतं. ती माणूस दुसऱ्या पलंगाकडे गेलीच नाही तर जंतूला वाट उरत नाही.

मावशी आणि मामा

संसर्ग नियंत्रण समितीत प्रत्येक रुग्णालयात डॉक्टर असतात, मायक्रोबायोलॉजिस्ट असतात, सिस्टर इन्चार्ज असते. आणि पलंग पुसतो कोण? बेडपॅन कोण नेतं, रुग्णाला स्ट्रेचरवर कोण उचलतं, मेलेल्या माणसाची गादी कोण बदलतं? वॉर्डातल्या मावशी आणि मामा. दिवसभरात सगळ्यात जास्त पलंगांना हात लागतो तो यांचा, आणि ‘का’ हे सगळ्यात कमी सांगितलं जातं तेही यांनाच.

पुसण्याचंही शास्त्र आहे. आधी साबणाने मळ काढायचा, मग जंतुनाशक. कारण विष्ठा किंवा रक्ताच्या थराखाली हायपोचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं, द्रावण पोचत नाही आणि मळाने ते निकामी होतं. द्रावण रोज ताजं करायचं, सकाळी केलेलं उद्यापर्यंत वापरायचं नाही. लावल्यावर ते ठरलेली मिनिटं ओलं राहायला हवं, लगेच कोरडं पुसलं तर कष्ट वाया. हायपो कधीही ॲसिडमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे जायचं. एका पलंगाचा फडका दुसऱ्या पलंगाला नाही, नाहीतर पुसणंच पसरवणं होऊन बसतं. आणि लादीपेक्षा हात लागणाऱ्या जागा महत्त्वाच्या: कठडे, लॉकरची मूठ, पंपाची बटणं, दाराची कडी, स्विच. लादी चकचकीत दिसते म्हणून आपण वॉर्ड स्वच्छ समजतो, पण लादीला कुणी हात लावून मग रुग्णाला लावत नाही. बेसिनमध्ये उरलेली सलाइन, चहा, सक्शनची घाण ओतली की निचऱ्यातल्या जंतूंना खाऊ मिळतो आणि नळ सोडला की शिंतोडे उडतात. बेसिन हात धुण्यासाठीच ठेवलं तर एक मोठा अड्डा कमी होतो.

हे सगळं करायला एका पलंगामागे काही मिनिटं लागतात. डिस्चार्ज झालेल्या रुग्णाच्या जागी दुसरा स्ट्रेचरवर वाट पाहत असताना ती मिनिटं मावशींना कुणी देत नाही. कंत्राटावरचा माणूस दर काही महिन्यांनी बदलतो आणि शिकवलेलं त्याच्याबरोबर जातं. मला खात्रीने वाटतं, की वॉर्डातल्या एका तरी मावशीला समितीच्या बैठकीत खुर्ची मिळाली आणि बोलू दिलं, तर जंतू कुठे बसतोय हे स्वॅब पाठवण्याआधीच कळेल.

औषधांच्या वापराबद्दल थोडक्यात, कारण ते टाळता येत नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांत पाहणी केली. दाखल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के अँटिबायोटिकवर होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलं होतं. बहुतेक ऑपरेशनांत चीर देण्याआधीच्या तासाभरात दिलेला एक डोस पुरतो. टाके काढेपर्यंत पाच-सात दिवस इंजेक्शन देत राहिल्याने जखम अधिक सुरक्षित होत नाही, रुग्णाच्या आतड्यातले साधे जंतू मात्र मरतात आणि जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत वॉर्डातला जंतू सहज बसतो. म्हणजे पसरणं आणि बनणं इथे एकमेकांना हात देतात. कल्चर औषध सुरू करण्याआधी पाठवायचं, आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की तो खरोखर वाचून औषध बदलायचं किंवा थांबवायचं.

नातेवाइकांनी काय करावं

आपल्याकडे नातेवाईक पाहुण्यासारखा येऊन जात नाही. तो रुग्णाला भरवतो, कूस बदलतो, लघवीची पिशवी उचलतो, रात्री पलंगाखाली चटई टाकून झोपतो. शेजारच्या काकांकडे कुणी नसेल तर त्यांनाही पाणी देतो. ही आपली माणुसकी आहे आणि ती सुटू नये. फक्त मध्ये हात स्वच्छ व्हावेत. आपल्या माणसाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, आणि दुसऱ्याच्या पलंगाकडे जाण्याआधी.

लघवीची पिशवी रुग्णाच्या कमरेच्या पातळीच्या खाली लटकलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवू नका, लघवी उलटी मूत्राशयात जाते. रिकामी करायचं भांडं दोन रुग्णांत एक नको. पलंगावर बसू नका, डबा आणि फोन रुग्णाच्या गादीवर ठेवू नका. जखमेवरची पट्टी ‘जरा बघू’ म्हणून उचलू नका. एकावेळी एकच माणूस थांबेल असं घरातच ठरवा. पाससाठी वॉचमनशी वाद घालण्यात कुणाचा फायदा नाही. स्वतःला जुलाब किंवा पिकलेलं गळू असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला पाठवा.

आणि विचारायला घाबरू नका. ‘‘सिस्टर, कॅथेटर अजून किती दिवस लागेल?’’ हा प्रश्न उद्धट नाही. ‘‘डॉक्टर, कल्चरचा रिपोर्ट आला का, त्याप्रमाणे औषध बदललं का?’’ हाही नाही. हात स्वच्छ केलेत का हे विचारणं मात्र अवघड जातं, मान्य आहे. अशा वेळी बाटली आपणच पुढे करावी, आधी आपल्या हातावर घ्यावी. समोरचा बहुधा घेतोच.

रुग्ण वाहक असल्याचं कळलं, तर घरी नेल्यावर त्याला वाळीत टाकायचं कारण नाही. धडधाकट माणसाला त्या जंतूचा सहसा त्रास होत नाही. त्याच ताटात नातवंडांना न भरवणं, संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं, चादरी-कपडे नेहमीप्रमाणे साबणाने धुऊन उन्हात वाळवणं, एवढं पुरे.

खरी अडचण होते ती रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो तेव्हा. आणि मुंबईत तो जातोच. बदलापूर किंवा विरारच्या नर्सिंग होममध्ये आठ दिवस, मग ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात आयसीयू, पैसे संपले की सायन किंवा केईएम. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि आधीच्या ठिकाणी काय सापडलं याची माहिती वाटेत हरवलेली. नवा वॉर्ड मग त्याला इतरांसारखाच मधल्या रांगेत पलंग देतो, आणि जंतू सापडेपर्यंत चार-पाच दिवस निघून जातात. म्हणून हलवायच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर किंवा संदर्भपत्रावर तीन गोष्टी लिहून मागा: कुठला जंतू सापडला, तो कार्बापेनेमला रेझिस्टंट आहे का, आणि कुठली अँटिबायोटिक किती दिवस दिली. सोबत प्रत्येक कल्चर रिपोर्टची झेरॉक्स घ्या. ते कागद एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात तळाशी ठेवू नका. कॅज्युअल्टीत भेटेल त्या पहिल्या डॉक्टरच्या हातात द्या, म्हणजे पलंग कुठे द्यायचा हे ठरवतानाच त्यांना ते माहीत असेल.